घर एकदां रांगून पाहावें



गेल्या चैत्रांतील गोष्ट आहे. आमच्या जालन्यांत नळाचें पाणी रोज येईल ह्या भरंवशावर कोणतीहि गृहिणी संसार करीत नाहीं. पाण्याचा दिवस उगवला म्हणजे पिंपें, बादल्या, कळशा, पातेलीं, फार काय मुलांना न्हाऊं घालण्याचीं घमेलींसुद्धां भरून ठेवावयाचीं, हा आमचा नेहमींचा परिपाठ. त्या दिवशीं पहाटेस पाणी आलें. सूनबाई पिंपें भरीत होती, मी कणीक मळीत होतें, आणि यजमान ओसरीवर वर्तमानपत्र वाचीत बसले होते. आमचा तेरा महिन्यांचा नातू पायांतले वाळे वाजवीत ह्या खोलींतून त्या खोलींत हिंडत होता. तो आवाज घरभर चालूं असल्यामुळें त्याच्याकडे निराळें लक्ष द्यावें असें कोणासच वाटलें नाहीं.

कांहीं वेळानें माझ्या ध्यानांत आलें कीं वाळे वाजत नाहींत. कणकेच्या हातानेंच मी न्हाणीकडे धांवलें. अर्धी भरलेली बादली होती. नातवाचें कमरेपर्यंतचें अंग तींत वांकलें होतें आणि पाय जमिनीवरून सुटत आले होते. ओरडणें नाहीं, हातपाय आपटणें नाहीं. अगदीं मुकाट्यानें तें चाललें होतें. मीं त्यास उचललें. दोन ठसके लागले आणि मग तो मोठ्यानें रडूं लागला. तें रडणें ऐकून मी तेथेंच ओल्या जमिनीवर बसलें.

रात्रीं सूनबाई म्हणाली, “आई, चूक माझीच झाली.” मीं म्हटलें, “अग, तूं पाणी भरीत होतीस, मी कणीक मळीत होतें आणि हे वाचीत होते. तिघांनाहि वाटलें कीं बाळाकडे दुसऱ्याचें लक्ष आहे.” यजमान बराच वेळ गप्प होते. शेवटीं म्हणाले, “चूक कोणाची हें ठरविल्यानें बादली कांहीं उथळ होणार नाहीं. घरच बदललें पाहिजे.”

त्यांचें म्हणणें मला पटलें. दुसऱ्या दिवशीं दुपारीं मंडळी निजल्यावर मीं दार लोटून घेतलें आणि साठी उलटलेल्या गुडघ्यांवर सबंध घर रांगून पाहिलें. आपणांस हंसूं येईल, मलाहि आलें. परंतु ज्या घरांत मीं चाळीस वर्षें काढलीं तें घर रांगतांना मला अगदीं अनोळखी वाटलें. पलंगाखालीं घरंगळलेली सुपारी, फडताळाच्या तळच्या कप्प्यांतील फिनेलची बाटली, ओट्यावरून लोंबणारी मिक्सरची वायर, देवघराच्या चौरंगावरील कापराची डबी, उशाशीं पडलेली माझीच रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी, कूलरच्या पाठीमागचा उघडा जोड, हें सारें नातवाच्या डोळ्यांसमोर आणि हाताच्या टप्प्यांत होतें. वर्षाचें मूल उभें राहून हात वर करतें तेव्हां तो सुमारें तीन फुटांपर्यंत पोहोंचतो, आणि पाट ओढून आणण्याची युक्ति त्यास लौकरच सुचते. जें आम्ही उंचावर ठेवलें म्हणून निश्चिंत होतों, तें केवळ आमच्या मानानें उंच होतें.

त्या रांगण्यांतून जें शिकलें तेंच आज ह्या पानावर मांडीत आहें. ह्यांत बाजारांतून महागाची वस्तु आणण्याचा प्रश्न फारसा नाहीं. जुनें लुगडें, सुतळी, एक फळी आणि थोडें अवधान एवढ्यावर बहुतेक कामें भागतात.

प्रथम पाणी. २०१२-१३ च्या दुष्काळांत आपला जिल्हा महाराष्ट्रांतील सर्वांत होरपळलेल्या जिल्ह्यांपैकीं होता. तेव्हां आमच्या घरीं जीं पिंपें आलीं तीं पुढें कधीं गेलीं नाहींत. आपल्याकडेहि हीच स्थिति असेल. विहिरीला, तळ्याला आपण भितों, कारण तें पाणी खोल असतें. परंतु लहान मुलाचें डोकें शरीराच्या मानानें जड असतें. तें बादलींत वांकलें कीं तोल पुढें जातो आणि स्वतःस मागें खेंचण्याचें बळ त्याच्या दंडांत नसतें. नाकतोंड बुडावयास दोन इंच पाणीहि पुरतें, आणि बुडणारें मूल ओरडत नाहीं. म्हणून आमच्या घरीं आतां असे नियम आहेत. पिंपाचें झाकण नुसतें ठेवावयाचें नाहीं. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून ती झाकणावरून कांठाभोंवतीं आवळून बसवावयाची. झाकणावर दगड मात्र ठेवूं नये. तो ओढून मूल पायावर घेतें. वापरून झालेली बादली आणि घमेलें पालथें घालावयाचें. न्हाणीच्या दारास बाहेरून, आपल्या खांद्याच्या उंचीवर, एक कडी लावून घेतली. तिला फारसा खर्च आला नाहीं. अंगणांत जमिनींतील टाकी असेल तर तिला लोखंडी झाकण आणि कुलूप असावें. ज्या गांवच्या कारखान्यांतून लोखंडी सळया दूरदूर जातात, त्या गांवांत टाकीवर जाळी बसविण्यास लोहार शोधावा लागूं नये.

दुर्दैवानें प्रसंग ओढवलाच, तर मुलास उलटें धरून पोटांतील पाणी काढण्यांत वेळ दवडूं नये. श्वास बंद असेल तर तोंडानें श्वास देणें व छाती दाबणें हे उपचार तात्काळ सुरूं करावे आणि दुसऱ्यानें १०८ ह्या क्रमांकास बोलावणें धाडावें. महाराष्ट्रांत २०१४ सालापासून चालूं असलेली ही रुग्णवाहिका विनामूल्य आहे. श्वास देण्याची ही कृति आधींच एखाद्या डॉक्टरांकडून अथवा परिचारिकेकडून हातानें करून शिकून घ्यावी. ती ऐन वेळीं वाचून साधत नाहीं.

दुसरा शत्रु ऊन पाणी व विस्तव. न्हाणीसाठीं बंबांतील अथवा गीझरचें पाणी काढतांना बादलींत आधीं गार पाणी घालावें, मागाहून ऊन. उलट क्रमानें केलें आणि मध्येंच कोणी हांक मारली, तर कढत पाण्याची बादली उघडी राहते. साठ अंश उष्णतेच्या पाण्यानें मोठ्या माणसाची कातडीदेखील सुमारें पांच सेकंदांत खोल भाजते. बालकाची कातडी पातळ, ती त्याहूनहि लौकर भाजते. जेवावयास जमिनीवर बसण्याची आपली रीत चांगलीच आहे. परंतु वरणाचें पातेलें पंगतीच्या मध्यें न ठेवतां वाढणारीनें हातांतून वाढावें. टेबल असेल त्यांनीं त्यावरचें लोंबतें वस्त्र काढून टाकावें, कारण मूल तें धरून उभें राहतें आणि चहा अंगावर घेतें. स्वयंपाकघराच्या दाराशीं दोन फूट उंचीची फळी खांचेंत सरकवून बसविली, तर आंतील आईचें तोंड मुलास दिसतें आणि मूल आंत येत नाहीं. विळी वापरून होतांच मिटावी आणि खुंटीवर टांगावी. भाजलेच तर त्या जागीं वाहतें साधें पाणी वीस मिनिटें धरावें. हळद, शाई, टूथपेस्ट अथवा तूप ह्यांपैकीं कांहींहि लावूं नये. नंतर डॉक्टरांकडे जावें.

देवघराविषयीं एक गोष्ट विशेष सांगावयाची आहे, कारण ती पुष्कळांस ठाऊक नसते. कापूर हा विषारी पदार्थ आहे. त्याचा सुवास गोड आणि वडी खडीसाखरेसारखी शुभ्र. प्रसादाला हात पुढें करावयास आपणच शिकविलेलें मूल ती तोंडांत घालतें. थोडा कापूर पोटांत गेला तरी अल्पावकाशांत बाळाला झटके येऊं शकतात. कापूर, काडेपेटी आणि तेलाची बुधली ह्या तीन वस्तु आम्हीं चौरंगावरून हालवून भिंतींतील उंच कोनाड्यांत ठेविल्या. समई खालीं तेवत असेल तोंवर देवघरांत कोणीतरी मोठें माणूस असतें. देवाच्या सेवेंत ह्यामुळें कांहीं उणें आलेलें नाहीं.

औषधांबाबत दोष आम्हां आजीआजोबांकडे येतो हें कबूल केलें पाहिजे. सूनबाईच्या खोलींत औषध सांपडलें नाहीं. माझ्या उशाशीं सांपडलें. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या आणि लोहाच्या गोळ्या मोठ्यांस तारक, परंतु लहानग्यास त्यांतील मोजक्याहि घातक होतात. जुना पितळी पानाचा डबा आमच्याकडे रिकामा पडला होता; त्यास लहानसें कुलूप घालून त्यांत सर्वांच्या गोळ्या ठेवूं लागलों. आणि मुलास औषध देतांना “गोळी म्हणजे चॉकलेट हं” असें कधींहि म्हणूं नये. त्या एका लबाडीनें मुलास गोळ्यांचा लोभ लागतो.

आतां बारीक वस्तु. परदेशांत तीन वर्षांच्या आंतील मुलांच्या खेळण्यांसाठीं एक साधी कसोटी वापरतात : सव्वा इंच व्यासाच्या आंखूड नळींत जी वस्तु मावते ती मुलाच्या हातीं द्यावयाची नाहीं. ही कसोटी लावून पाहिली तर सुपारी, चिंचोका, सीताफळाची बी, पैसा, गुंडी, शेंगदाणा आणि फुटाणा सर्वच नापास होतात. येथें बोरन्हाणाची आठवण होते. संक्रांतीच्या सुमारास वर्षाच्या बाळाला हलव्याचे दागिने घालून डोक्यावरून बोरें, हलवा, भुईमुगाच्या शेंगा, उंसाचे करवे ओततात. केवढा हौसेचा संस्कार! तो टाकून द्या असें मी म्हणणार नाहीं. पण बोरांऐवजीं चुरमुरे आणि फुलांच्या पाकळ्या ओताव्या. बोरें व हलवा मोठ्या मुलांच्या हातीं द्यावा. आणि समारंभ संपतांच जमीन झाडून घ्यावी. घशांत कांहीं अडकून मूल गुदमरलें व रडूंहि शकत नसेल, तर त्यास मांडीवर पालथें, डोकें खालीं करून धरावें आणि दोन खांद्यांच्या मध्यें तळहातानें पांच ठोके द्यावे. तोंडांत न दिसणारी वस्तु बोटानें चांचपडूं नये. ती आणखी आंत जाते. घड्याळांतल्या व रिमोटांतल्या चकतीसारख्या बॅटरीविषयीं तर फारच दक्ष असावें. ती अन्ननलिकेंत अडकल्यास दोन तासांत आंतून भाजून काढते. ती गिळल्याची नुसती शंका आली तरी तडक इस्पितळ गांठावें.

वाळ्यांनीं माझ्या नातवाला वांचविलें, म्हणून वाळ्यांची मी भक्त झालें आहें. मूल कोठें आहे हें सांगणारी इतकी स्वस्त युक्ति दुसरी नाहीं. मात्र त्यांचे घुंगुर सैल झाले नाहींत ना हें आठवड्यास पाहावें. दृष्ट लागूं नये म्हणून काळा दोरा बांधावयाचा असेल तर तो मनगटांत बांधावा, गळ्यांत नको. तो पाळण्याच्या कडीस अडकला तर फांस होतो.

मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत कूलरवांचून चालत नाहीं; परंतु पत्र्याचें अंग, आंत पाणी आणि खालीं ओली जमीन असा हा विजेचा सोबती आहे. त्याची पिन तीन खिळ्यांची असावी, घराचें अर्थिंग तपासून घ्यावें, आणि मुख्य फळ्यावर तीस मिलिअँपिअरच्या गळतीस वीज तोडणारें यंत्र बसवावें. इतर गोष्टींस पैसे लागले नाहींत, येथें मात्र लागतात, ते द्यावे. पाणी भरण्यापूर्वीं बटण बंद करून पिन काढावी. खालच्या रिकाम्या सॉकेटांसमोर ट्रंक अथवा कपाट सरकवून ठेवावें.

खेड्यांत ज्यांची शेती आहे त्यांस आणखी एक विनंति. कापसावरील फवारणीचें औषध घरांत येतें, आणि उरलेलें पुष्कळदां सरबताच्या रिकाम्या बाटलींत भरलें जातें. मूल अक्षर वाचीत नाहीं; तें बाटली ओळखतें. औषध मूळ डब्यांतच, गोठ्याबाहेरच्या कुलुपाच्या पेटींत ठेवावें. पूर्वीं रॉकेलनें हाच अनर्थ होत असे. आतां त्याची जागा थिनरनें, फिनेलनें व संडास धुण्याच्या ॲसिडानें घेतली आहे. असें कांहीं पोटांत गेलें तर मिठाचें पाणी पाजून ओकारी काढूं नये. ती बाटली बरोबर घेऊन दवाखान्यांत जावें.

जुन्या दगडमातीच्या वाड्यांत विंचू निघतात. भोकरदन तालुक्यांतील देहेड गांवीं जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर ह्यांनीं रायगड जिल्ह्यांत लाल विंचवाच्या दंशाचा अभ्यास केला, त्याचें निरीक्षण १९८२ सालीं ‘लॅन्सेट’ ह्या नामांकित नियतकालिकांत प्रसिद्ध झालें, आणि प्राझोसिन ह्या गोळीचा उपचार त्यांनीं रूढ केला. त्यामुळें पूर्वीं हातचे जाणारे कितीतरी रुग्ण वांचूं लागले. २०२२ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. आपल्या जिल्ह्याच्या ह्या सुपुत्रानें एवढें केल्यावर आपण मंत्र आणि कांद्याचा रस ह्यांत घटका घालविणें शोभत नाहीं. दंशानंतर मुलास दरदरून घाम, ओकारी अथवा हातपाय गार पडणें दिसलें तर क्षणाचाहि विलंब लावूं नये. आणि दंश टाळावयाचा तर भिंतींच्या फटी चुन्यानें बुजवाव्या, अंथरूण झटकून घालावें, सरपण घरालगत रचूं नये, आणि मुलाचे बूट उलटे करून आपटल्यावांचून पायांत घालूं नयेत.

राहिल्या कोपऱ्याकोनांच्या गोष्टी. पलंगाच्या व टेबलाच्या कोपऱ्यांस जुन्या गोधडीच्या घड्या बांधाव्या. दाराच्या वरच्या कडेवर जाड पंचा टाकून ठेवला तर दार पुरें लागत नाहीं आणि बोटें चेंगरत नाहींत. गच्चीच्या कठड्यांतील गजांत चार इंचांहून अधिक अंतर असेल तर जाळी बांधून घ्यावी, आणि कठड्याजवळ खुर्ची अथवा कुंडी ठेवूं नये.

कोणी वडील माणूस म्हणेल, “आम्ही पांचपांच मुलें वाढविलीं, हे सोपस्कार कधीं केले नाहींत.” खरें आहे. परंतु त्या घरांत दहा माणसें आणि वीस डोळे होते. आणि ज्या घरांत एखादें मूल आडांत गेलें, त्या घरानें आड बुजविला व तें नांव काढणें सोडून दिलें. म्हणून आपणांस केवळ वाढलेलीं मुलें दिसतात. न वाढलेल्यांचा हिशेब कोणी मांडून ठेविला नाहीं.

उलट बाजूनें दुसरी चूक होते. भीतीनें आपण मुलास दिवसभर “नको, हात लावूं नको” म्हणत बसतों. ताराबाई मोडक व गिजुभाई बधेका ह्यांनीं १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ काढला, तेव्हांपासून आपल्याकडे हा विचार मांडला जात आहे कीं मुलाच्या हातांस काम हवें आणि त्याच्या उंचीच्या वस्तु हव्या. म्हणून आम्हीं स्वयंपाकघरांतील एक तळचा कप्पा नातवास देऊन टाकला आहे. त्यांत लांकडी पळी, डाव, मोठीं झाकणें, चाळणी आणि एक ताट. तो तेथें पातेलीं वाजवितो, आणि बाकीच्या कप्प्यांच्या मुठी जुन्या लुगड्याच्या पट्टीनें बांधलेल्या आहेत ह्याची त्यास खंत नाहीं.

शेवटीं ज्यानें आरंभ केला त्याकडे वळतें. झाकणें आणि कड्या कितीहि लावल्या तरी लक्ष कोणाचें हा प्रश्न उरतोच. बांगला देशांतील खेड्यांत लहान मुलें बुडण्याचे प्रसंग सकाळच्या प्रहरीं, आया कामांत गुंतल्या असतां अधिक घडतात असें दिसून आलें. तेव्हां तेथें ‘आंचल’ नांवाचीं घरगुती पाळणाघरें निघालीं, आणि त्या कांहीं तासांत गांवची एक बाई मुलांकडे पाहूं लागली. बुडण्याच्या संकटाकडे जगाचें लक्ष वेधावें म्हणून संयुक्त राष्ट्रांनीं २०२१ पासून २५ जुलै हा दिवस नेमला आहे. आपल्याकडे अंगणवाड्या १९७५ सालीं निघाल्या, पण तेथें बसावयास मूल तीन वर्षांचें व्हावें लागतें. त्याच्या आंतलें मूल घरच्यांच्याच स्वाधीन असतें. म्हणून आम्हीं आपल्यापुरता एक नियम केला. ज्याच्याकडे मूल आहे त्यानें तें दुसऱ्याकडे देतांना तोंडानें म्हणावयाचें, “बाळ आतां तुमच्याकडे,” आणि घेणाऱ्यानें “हो, माझ्याकडे” असें उत्तर द्यावयाचें. उत्तर मिळाल्यावांचून पहिल्यानें उठावयाचें नाहीं. लग्नामुंजीच्या घरीं, जेथें पन्नास माणसें असून मुलाकडे कोणाचेंच लक्ष नसतें, तेथें तर हा नियम फारच उपयोगी पडतो. प्रथम यजमानांस तो पोरकटपणा वाटला, आतां नळास पाणी येण्याच्या दिवशीं तेच वर्तमानपत्र बाजूस ठेवून आपण होऊन म्हणतात, “बाळ माझ्याकडे.”

जांबेचे समर्थ ‘सावधान’ हा शब्द ऐकून बोहल्यावरून उठले, ही कथा आपल्या जिल्ह्यांत लहानथोरांस ठाऊक आहे. आपणांस संसार सोडून कोठें जावयाचें नाहीं. पण तो शब्द घरांतच ऐकूं यावा एवढी तयारी ठेवावयाची आहे. ह्या रविवारीं दुपारीं दार लोटून घ्या, पदर खोंचा, आणि आपलें घर एकदां रांगून पाहा. काय काय सांपडलें तें मला अवश्य कळवा.